रक्ताचा रिपोर्ट आणि दरफळणीचा सण

ताई, शालोम.

आम्ही ठाण्याचे बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, मूळचे अलिबागकडचे. अश्दोदला राहणाऱ्या चुलतभावाच्या नादाने मी डीएनए चाचणी करून घेतली. रिपोर्टात मोठा वाटा दक्षिण आशियाचा निघाला, मध्यपूर्वेचा थोडा. मी तो कुणालाच दाखवला नव्हता.

माझ्या मोठ्या भावाचं पेणच्या एका हिंदू मुलीशी लग्न ठरतंय. ती शुक्रवारी संध्याकाळी आमच्याकडे येते, आईशेजारी उभी राहून दिवे लावते, सगळं शिकून घ्यायची तिची तयारी आहे. आजोबा ८२ वर्षांचे. त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं म्हणून घरी मलिदा होता, वीसएक माणसं जमली होती. तिथे आजोबा सगळ्यांदेखत म्हणाले, "दोन हजार वर्षं आपण रक्त जपलं. आता परकं रक्त घरात नको." ती मुलगी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. माझं डोकं फिरलं. मी फोन काढला, रिपोर्ट त्यांच्यापुढे धरला आणि म्हणालो, "कसलं रक्त जपलंत? आपण कोणी इस्राएल-बिस्राएल नाही, इथलेच तेली आहोत."

आजोबा काही बोलले नाहीत. हातातली ताटली त्यांनी खाली ठेवली. त्याला पाच आठवडे झाले. ते सिनेगॉगमध्ये गेलेले नाहीत, प्रार्थनेची शाल घडी करून कपाटात ठेवली आहे, माझ्याशी अबोला आहे. आठ दिवसांवर किप्पूर, आपला उपासाचा आणि माफीचा दिवस, आलाय. आपण खरंच त्या बायबलमधल्या लोकांचे वंशज आहोत का? नसलो तर उपास कशासाठी धरायचा? आणि मी बोललो त्यात खोटं काही नव्हतं, मग माफी कशाची मागू?

एक नातू, ठाणे

*

प्रिय नातवा,

शालोम. तुझं पत्र आलं तेव्हा आठ दिवस होते, हे उत्तर तुला मिळेल तेव्हा चार-पाच उरले असतील. म्हणून लगेच लिहायला बसले.

तुझ्या पत्रातल्या एका ओळीवरून माझी नजर हलेना. आजोबांनी ताटली खाली ठेवली. मलिद्याची ताटली. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, वर फळांच्या फोडी, आणि एलियाहू हनाबीचं, म्हणजे एलिया संदेष्ट्याचं, नाव घेऊन मानलेले आभार. दिसेनासा झालेला डोळा पुन्हा दिसू लागला म्हणून एक म्हातारा माणूस देवाचे आभार मानत होता, आणि त्याने पहिला घास घेतला की नाही हेसुद्धा तू लिहिलेलं नाहीस.

तू तीन प्रश्न विचारलेस. माझ्या मते तुझी झोप उडवणारा प्रश्न तिसरा आहे. पण त्याच्यापर्यंत पोहोचायला पहिल्या दोनांतून जावं लागेल, म्हणून रिपोर्टापासून सुरुवात करते.

या चाचण्यांमध्ये तुझ्या थुंकीतल्या खुणा आज जिवंत असलेल्या माणसांच्या खुणांशी ताडून पाहतात. ज्या गटाशी जुळतं त्याचं नाव लिहितात आणि पुढे टक्केवारीचा अंदाज देतात. तो तक्ता तुझा धर्म ठरवत नाही. शिवाय जरा हिशोब कर. दहा पिढ्या मागे गेलास की तुझे १,०२४ पूर्वज होतात, आणि त्यांतल्या प्रत्येकाचा तुकडा तुझ्यापर्यंत उतरत नाही. कित्येक पूर्वज वंशात असतात, पण चाचणीत सापडत नाहीत. उत्तरेकडचं इस्राएलचं राज्य, दहा वंशांचं, अश्शूरांनी (असीरियन लोकांनी) बुडवलं ते इ.स.पू. ७२२ च्या सुमाराला. तिथपासून तुझ्यापर्यंत शंभरएक पिढ्या होतात. एवढ्या लांबचा कौल थुंकीवरून लागत नाही, ना आजोबांच्या बाजूने, ना तुझ्या.

जे कळलं आहे तेही सांगते. २०१६ मध्ये बेने इस्राएलांच्या जनुकांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दोन्ही धारा सापडल्या. एक मध्यपूर्वेतल्या ज्यूंशी नातं सांगणारी, दुसरी इथल्या मातीतली. त्या एकमेकींत मिसळल्या त्याला १९ ते ३३ पिढ्या झाल्या असाव्यात, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. म्हणजे समुद्रावरून आलेली माणसंही तुझी आणि त्यांच्याशी संसार थाटणारी कोकणातली माणसंही तुझीच. तुझ्या रिपोर्टातला जो वाटा तू "थोडा" म्हणून झटकलास तो इतक्या पिढ्यांनंतरही शिल्लक आहे, याचं मला तर नवल वाटतं.

नवगावला जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, पोथ्या समुद्रात गेल्या आणि शेमा ही प्रार्थना तेवढी तोंडपाठ उरली, ही आपल्याकडे सांगत आलेली गोष्ट. कोणी म्हणतं ते हरवलेल्या दहा वंशांतले होते, कोणी म्हणतं अंतियोखस राजाच्या छळाला कंटाळून निघालेले. गोष्ट पुराव्याने सिद्ध होत नाही आणि खोटीही ठरत नाही. पण ती जपली कशी गेली ते बघ. माझी आई अलिबागच्या बाजारातून मासळी आणायची. परातीत ओतली की तिची बोटं आपसूक चालायची. पापलेट, रावस एका बाजूला. शेजारणीने प्रेमाने दिलेली कोळंबी किंवा चिंबोरी दुसऱ्या बाजूला, आणि ती हसून परत. खवले आणि पर असलेलीच मासळी खायची, हा नियम तिला कुठल्या पुस्तकात आहे हे ठाऊक नव्हतं. बाहेरून आलेल्या दाविद रहाबी या ज्यू गुरूने म्हणे याच मासळीवरून आपल्या बायकांना ओळखलं. मोशेच्या नियमशास्त्रातला एक तुकडा कोकणातल्या परातीत शतकानुशतकं जिवंत राहिला, आणि तो राखणाऱ्या कित्येक बायका, तुझ्या रिपोर्टाप्रमाणे बघितलं तर, इथल्याच लेकी होत्या.

म्हणूनच तुझं "इथलेच तेली" मला फार लागलं. तू तो शब्द शिवीसारखा वापरलास. बाळा, आपल्याला लोकांनी "शनिवार तेली" हे नाव दिलं ते शनिवारी आपला घाणा बंद असायचा म्हणून. सगळ्या गावाचा घाणा फिरतोय, गिऱ्हाईक दारात उभं आहे, आणि एक माणूस म्हणतोय, आज नाही. हातात पोथी नाही, गावात रबाई, म्हणजे धर्मगुरू, नाही, विचारणारं कोणी नाही, तरी आज नाही. त्या तेल्यांचा वारस असण्यात खाली मान घालण्यासारखं काय आहे?

आता आजोबांच्या "जपलेल्या रक्ता"कडे येऊ. ज्या प्राचीन लोकांचे आपण वंशज म्हणवतो, त्यांच्या घरात डोकावून बघ. मोशेची बायको सिप्पोरा मिद्यानी. योसेफाची बायको आसनथ मिसरची, म्हणजे इजिप्तची, तिथल्या पुजाऱ्याची मुलगी, आणि तिच्याच पोटी एफ्राइम आणि मनश्शे जन्मले. हरवलेल्या दहा वंशांच्या गप्पा आपण मारतो, त्यांतल्या दोन वंशांची आई मिसरी होती! यहूदाने कनानी माणसाच्या मुलीशी लग्न केलं. मिसरमधून सुटका झाली तेव्हा इस्राएलांबरोबर भलामोठा मिश्र जमाव बाहेर पडला, असं निर्गमाच्या पुस्तकात सरळ लिहिलंय. आणि यहेज्केल संदेष्ट्याने तर जेरुसलेमच्या तोंडावर सांगितलं, की तुझा बाप अमोरी आणि तुझी आई हित्ती.

गेल्या काही वर्षांत मगिद्दो वगैरे ठिकाणांहून निघालेल्या कनानकालीन हाडांचाही अभ्यास झाला. ते कनानी लोकसुद्धा मिश्रच निघाले, काही मूळचे तिथले आणि काही झाग्रोस आणि कॉकेशसकडच्या डोंगराळ भागातून आलेल्यांचे वंशज. लेबनॉनमध्ये सिदोनला सापडलेल्या सुमारे ३,७०० वर्षांपूर्वीच्या सांगाड्यांशी आजचे लेबनीज लोक जवळचं नातं दाखवतात, हे २०१७ मध्ये छापून आलं. ज्या कनानी लोकांचा नायनाट करा म्हणून बायबलमध्ये हुकूम आहे त्यांचे वारस आज बैरूतच्या बाजारात भाजी घेतायत. प्राचीन लोक असे राहतात. नाव पुसलं जातं आणि माणसं दुसऱ्या नावाने पुढे चालू लागतात.

आणि रूथ. अम्मोनी आणि मवाबी माणसाने परमेश्वराच्या मंडळीत यायचं नाही, दहाव्या पिढीपर्यंत नाही, असं बायबलमधल्या अनुवाद नावाच्या पुस्तकात लिहिलेलं आहे. तरी बेथलेहेमच्या शेतात जवाची सुगी चाललेली असताना एक मवाबी विधवा कापणाऱ्यांच्या मागून पडलेली कणसं वेचते आहे. सासूला सोडून माहेरी जायला तिने नकार दिलाय. गाव तिला "मवाबी" म्हणूनच ओळखतं, लिहिणाराही तिच्या नावापुढे तो शब्द पुन्हा पुन्हा लावतो. ती ओबेदची आई, इशायाची आजी, दावीद राजाची पणजी. शबुओथच्या सणाला आपण हे रूथचं पुस्तक वाचतो. आजोबांनी ते किती वेळा ऐकलं असेल!

पण ऐक. हे रूथपुराण घेऊन आजोबांकडे जायचं नाही. फोन खिशात ठेवून पुस्तक उगारलंस तर तो दुसरा फोनच. त्यांच्या जिभेवर ते वाक्य कुठून आलं ते आधी समजून घे.

साठच्या दशकाच्या सुरुवातीला इस्राएलमध्ये मुख्य रबाईंच्या कचेरीने सूचना काढल्या होत्या. बेने इस्राएलांचं लग्न लावायच्या आधी त्यांच्या आईचा, आजीचा, जमेल तितकं मागे जाऊन वंश तपासा. चहू दिशांच्या लोकांनी भरलेल्या देशात ही तपासणी आपल्या वाट्याला आली. १९६४ च्या उन्हाळ्यात आपली माणसं जेरुसलेममध्ये धरणं धरून बसली आणि ऑगस्टमध्ये तिथल्या संसदेला ठराव करावा लागला, की बेने इस्राएल हे सर्वार्थाने ज्यू आहेत, इतरांसारखेच. तेव्हा तुझे आजोबा विशीत होते. बहुधा लग्नाच्याच वयाचे. नातेवाइकांची पत्रं तिकडून येत असतील आणि घरात मोठ्याने वाचली जात असतील. "तुम्ही खरे नाही" हे वाक्य त्या पिढीने तारुण्यात ऐकलं आणि मग साठ वर्षांनी आपल्याच नातवाच्या तोंडून, वीस माणसांत.

दुसरं म्हणजे त्यांची भीती. त्यांच्या लहानपणी इथे आपली वीसएक हजार माणसं होती, आता चार-पाच हजार. त्यांचे शाळासोबती अश्दोद, लोद, दिमोनाला गेले. सिनेगॉगमध्ये प्रार्थनेला दहा पुरुष लागतात आणि नववा आला की सगळ्यांचे डोळे दाराकडे लागतात, हे तू स्वतः बघितलं असशील. या भीतीतून ते बोलले. म्हणून त्या मुलीला जे बोलले ते बरोबर ठरत नाही. तिच्या बाबतीत आजोबांचं चुकलं, हे मी त्यांच्यासमोरही म्हणेन. पण त्यांच्या चुकीचा हिशोब तुला दिलेला नाही.

तुझा दुसरा प्रश्न, वंशज नसलो तर उपास कशाला. किप्पूरच्या दुपारी काय वाचतात ते आठव. उपासाने डोकं जड झालेलं असतं, पंख्याखाली म्हातारी माणसं पेंगत असतात, तेव्हा योनाचं पुस्तक वाचलं जातं. देवाने निनवेला जा म्हटलं आणि योना याफोहून तार्शीशच्या जहाजात बसून उलट्या दिशेला निघाला. वादळ आलं. खलाशांनी चिठ्ठ्या टाकल्या, त्याच्या नावाची निघाली, आणि त्यांनी विचारलं, तू कुठला, कुठल्या लोकांतला? योनाने चोख उत्तर दिलं: मी इब्री (हिब्रू) आहे, स्वर्गीच्या देवाचं भय बाळगणारा. वंशाचं उत्तर अगदी खरं, आणि ते देताना तो त्याच देवापासून पळत होता.

मग निनवे. आजच्या मोसुलजवळ तिचे अवशेष आहेत. अश्शूरांचं हे महानगर. ज्या अश्शूरांनी ते दहा वंश देशोधडीला लावले तेच हे. राजा सार्गोनने आपल्या शिलालेखात फुशारकी मारलीय, की शोमरोनमधून, त्या उत्तरेकडच्या राज्याच्या राजधानीतून, २७,२९० माणसं नेली. आपल्या हरवण्याचं मूळ तिथे आहे. आणि आपण वर्षातल्या सर्वांत पवित्र दिवशी, पोटात अन्नाचा कण नसताना, त्या शहराची गोष्ट वाचतो! अब्राहामाशी त्यांचा काही करार नव्हता. राजा सिंहासनावरून उतरला, राखेत बसला, गुराढोरांच्या अंगावरही गोणपाट घातलं. आपल्या जुन्या गुरूंनी यावर नेमकं बोट ठेवलंय. देवाने त्यांचं गोणपाट पाहिलं असं तिथे लिहिलेलं नाही, ते वाईट वाटेवरून वळले ही त्यांची कृती पाहिली असं लिहिलंय. तेशुबा, म्हणजे पश्चात्ताप, या शब्दाचा अर्थच वळणं, परतणं असा आहे. ज्या दिवशी निनवेच्या माणसांना आत घेतलं जातं, त्या दिवशी तुझा डीएनए कोण विचारणार आहे? उपास धर.

राहिला तिसरा. तू लिहितोस, मी खोटं बोललो नाही. एक तर ते अर्धं होतं, वर दाखवलंच. पण पूर्ण खरं असतं तरी माझं उत्तर बदललं नसतं. तू रिपोर्ट इतके महिने लपवून ठेवला होतास. सत्याचा एवढा उमाळा होता तर एखाद्या रात्री त्यांच्याजवळ बसून दाखवला असतास. तू तो राखून ठेवलास आणि जिथे सर्वांत जास्त लागेल तिथे काढलास. माफी त्याची मागायची आहे. माणूस आणि देव यांच्यातल्या अपराधांना किप्पूर पुरतो. माणसामाणसांतल्या अपराधांना, त्या माणसाचं मन वळवल्याशिवाय, पुरत नाही. मिश्ना या आपल्या जुन्या धर्मग्रंथात हे स्वच्छ लिहिलेलं आहे. पंचवीस तास कडकडीत उपास करशील, छातीवर मूठ मारून सगळी कबुली म्हणशील, तरी ती ताटली तिथेच राहील.

तेव्हा आज-उद्याच जा. फोन घरात दुसऱ्या खोलीत ठेव. कारणं सांगू नकोस, "तुम्ही आधी बोललात म्हणून" हे तर मुळीच नाही. मलिद्याच्या दिवशी मी तुमचा अपमान केला, सगळ्यांसमोर केला, माझं चुकलं, एवढंच. ज्या माणसांसमोर अपमान झाला त्यांतल्या एक-दोघांना, निदान भावाला, तेव्हा जवळ बसव, कारण चारचौघांत घालवलेला मान एकट्यात परत देता येत नाही. ते गप्प राहिले तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. रांबाम या आपल्या जुन्या पंडिताने तीन वेळा जायला सांगितलंय. आणि त्या मुलीलाही भेट. तिच्या अपमानाच्या नावाखाली तू आपला राग काढलास, आणि त्या घरात आजोबांचा अबोला आपल्यामुळे आहे असं ती पाच आठवडे मनात घेऊन फिरत असेल.

आपल्या जुन्या लोकांनी किप्पूरला दरफळणीचा सण म्हटलं, दारं लावून घेऊन घरात बसायचा दिवस. त्याचा दुसरा दिवस शिला सण, तेव्हा दारं उघडायची, दानधर्म करायचा, एकमेकांकडे जायचं. भावाच्या लग्नाचं बोलणं त्या दिवसानंतरचं आहे, आधीचं नाही. तेव्हाही रूथचं नाव तू काढू नकोस. ते आजोबांना पाठ आहे. त्यांचं त्यांना आठवू दे.

किप्पूरच्या आदल्या संध्याकाळी लवकर तयार हो. पांढरे कपडे इस्त्री करून ठेव, त्यांचेही. कपाटातली शाल तू काढू नकोस, ती ते काढतील, तू नुसता दाराशी उभा राहा. या दिवसांत टेंभी नाक्यावर बहुधा देवीची गर्दी असते, रस्ताभर रोषणाई, रिक्षा आत येत नाहीत. ऑपरेशन झालेल्या डोळ्याला ते दिवे टोचतील. त्या बाजूने तू चाल. आणि सिनेगॉगमध्ये प्रार्थना संपल्यावर हातबोशीला, म्हणजे एकमेकांच्या हातांना हात लावून ते ओठांना टेकवायला, सगळे वळतील, तेव्हा सर्वांत आधी त्यांच्यापुढे हात कर.

तुझी,
ताई